मुका सोबती, बोलका धडा

वाचनासाठी : तोबीत, अध्याय ५, ६ व ११, मत्तय १५:२१-२८, लूक १६:१९-३१



आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा तेरा वर्षे राहिला. तो काही जातिवंत नव्हता. सेवानिवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात बाबांनी त्याला रस्त्याच्या कडेवरून उचलून पिशवीत घालून आणला होता. ओला, कुडकुडणारा, मुठीएवढा जीव. मला ते मुळीच पसंत नव्हते. सिडकोतले आमचे घर लहान, नळाला पाणी येणार आठवड्याने, आणि त्यात हे नवे काम. मी म्हणालो, "बाबा, याला कोण सांभाळणार?" बाबा म्हणाले, "मी आहे ना."

आज बाबा नाहीत आणि मोतीही नाही. हा लेख कुत्र्याचे कौतुक करण्यासाठी लिहीत नाही. माझ्या घरात माझ्याकडून जे राहून जात होते, ते एका मुक्या प्राण्यामुळे माझ्या ध्यानात आले. तशी चूक आणखी कोणाच्या घरी होत असेल तर ती वेळीच सुधारावी, एवढ्यासाठी हे चार शब्द.

पहिला धडा : सोबत असणे

पवित्र शास्त्रात कुत्र्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी तुच्छतेने येतो. त्या काळी कुत्रा हा गावाबाहेर उकिरड्यावर भटकणारा अशुद्ध प्राणी समजला जाई. याला एक सुंदर अपवाद आहे. तो तोबीतच्या पुस्तकात आहे. हे पुस्तक आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये आहे, पण आपल्यापैकी फार थोड्यांनी ते घरी उघडून वाचले असेल.

तोबीत हा निनवे नगरात हद्दपारीत राहणारा एक धार्मिक यहुदी. बेवारस मृतांना मूठमाती देण्याचे काम तो जिवावर उदार होऊन करीत असे. पुढे तो आंधळा झाला, घरात दारिद्र्य आले. दूर मेदिया देशात एका ओळखीच्या माणसाकडे ठेवलेली चांदी आणण्यासाठी त्याने आपला मुलगा तोबिया याला पाठवले. वाटाड्या म्हणून जो तरुण मिळाला तो खरे तर महादूत राफाएल होता. हे दोघे निघाले तेव्हा घरचा कुत्राही त्यांच्यामागे निघाला, असे तेथे सांगितले आहे. परतीच्या वाटेवरही तो त्यांच्या मागोमाग येतो.

या कथेत सगळी मोठी कामे राफाएल करतो. माशाच्या पित्ताने तोबीतचे डोळे बरे होतात, सारा या दुःखी मुलीचे तोबियाशी लग्न होते, चांदीही मिळते. कुत्रा काय करतो? काहीच करीत नाही. तो फक्त सोबत जातो आणि सोबत येतो. तरीही शास्त्रकाराला त्याची नोंद करावीशी वाटली. संत जेरोम यांनी केलेल्या लॅटिन भाषांतरात आणखी एक तपशील आहे. घर जवळ येताच हा कुत्रा निरोप्यासारखा पुढे धावत गेला आणि शेपूट हलवून आनंद दाखवू लागला. आंधळ्या बापाच्या घरी मुलगा परत आल्याची वर्दी एका कुत्र्यानेही दिली!

आता माझ्या घराची गोष्ट सांगतो. मोती पाच वर्षांचा असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. पुढचे आठ महिने ते खाटेवर होते. मी तेव्हा वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये काम करीत होतो. माझी समजूत अशी की मी बापाची सेवा उत्तम करतो आहे. औषधे आणत होतो, डॉक्टरांना बोलावत होतो, खर्चात हात आखडता घेत नव्हतो. कामावरून आलो की बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहून विचारायचो, "जेवलात का? गोळ्या घेतल्या का?" उत्तर मिळाले की हातपाय धुवायला निघून जायचो. खाटेजवळ बसायचो नाही. बसून काय बोलायचे, हेच कळत नसे. खरे सांगायचे तर त्यांची ती अवस्था बघवत नसे, म्हणून मी कामाच्या आड लपत होतो.

मोती मात्र त्या खाटेखालून हलत नसे. बाहेर जाऊन आला की पुन्हा तिथेच. बाबांचा डावा हात खाटेवरून खाली लोंबकळत असे आणि मोतीचे डोके बरोबर त्या हाताखाली. एके रात्री मी नेहमीप्रमाणे दारातून चौकशी केली. बाबा अडखळत म्हणाले, "तू येतोस, विचारतोस, जातोस. हा काही विचारत नाही. नुसता बसतो. बरं वाटतं रे."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. जिथे मुलाने बसायला हवे होते तिथे कुत्रा बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीत स्टूल नेऊन ठेवले. कामावरून आल्यावर पंधरा मिनिटे तिथे बसू लागलो. सुरुवातीला फार अवघडल्यासारखे होई. मग एक दिवस बाबांनीच त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या. कधी आम्ही रोझरीचे एक दशक म्हणायचो, कधी काहीच बोलायचो नाही. अशी पंधरा मिनिटे मला जेमतेम तीन महिने मिळाली. त्याआधीचे पाच महिने मी दारात उभा राहून घालवले होते. ते परत मिळणार नाहीत.

दुसरा धडा : दरवाजातला लाजर

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. 'क' वर्षात सामान्य काळातील सव्विसाव्या रविवारी तो चर्चमध्ये वाचला जातो. लाजर दरवाजाजवळ पडून असे, अंगभर फोड झालेले, आणि कुत्रे येऊन त्याचे फोड चाटत.

या कुत्र्यांविषयी दोन मते आहेत. काहींच्या मते कुत्रे हा अशुद्ध प्राणी असल्यामुळे लाजराची दुर्दशा किती टोकाची होती हेच येथे दाखवले आहे. जुन्या काळच्या काही भाष्यकारांनी मात्र निराळा अर्थ लावला. माणूस जवळ आला नाही, पण जनावर जवळ आले, असे त्यांनी म्हटले. दोन्ही अर्थांनी बोट शेवटी श्रीमंताकडेच वळते.

या श्रीमंताचे पाप कोणते? त्याने लाजराला मारले नाही, हाकलून दिले नाही. पुढे मृतांच्या जगात तो लाजराला नावाने ओळखतो. म्हणजे दारात कोण पडले आहे हे त्याला ठाऊक होते. तरीही तो रोज त्या दारातून ये-जा करीत राहिला. पूर्वी हा दाखला ऐकताना मला वाटायचे की तो पैसेवाल्यांसाठी आहे. बाबांच्या आजारपणानंतर कळले की तो दारात उभे राहून चौकशी करणाऱ्यांसाठीही आहे.

येथे संत रोक यांची आठवण होते. त्यांचा सण १६ ऑगस्टला येतो. चौदाव्या शतकातील हा फ्रान्सचा यात्रेकरू इटलीत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत फिरला. परंपरा सांगते की त्यांना स्वतःला प्लेग झाला तेव्हा ते रानात जाऊन एकटे पडून राहिले. तेथे एक कुत्रा रोज तोंडात भाकर धरून त्यांच्यासाठी आणत असे आणि त्यांची जखम चाटत असे. भाकर रोज कुठे जाते हे पाहण्यासाठी त्या कुत्र्याचा धनी एके दिवशी त्याच्यामागे गेला आणि त्याला हा आजारी संत सापडला. म्हणून संत रोक यांच्या पुतळ्याजवळ भाकर घेतलेला कुत्रा दाखवतात. आजाऱ्यापर्यंत आधी कुत्रा पोहोचला, आणि त्याच्यामागून माणूस.

तिसरा धडा : मेजाखालची आशा

कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिले असेल. घरातली मंडळी जेवायला बसली की तो समोर येऊन बसतो. भुंकत नाही, ओढत नाही. नुसता हाताकडे पाहत राहतो. घास ताटातून तोंडात गेला की त्याची मानही तशीच वर जाते. दहा वेळा काही मिळाले नाही तरी अकराव्या वेळी त्याचे डोळे तितक्याच भरवशाने पाहतात.

मत्तयच्या शुभवर्तमानातील कनानी स्त्रीने नेमके हेच दृश्य प्रभू येशूपुढे ठेवले. तिची मुलगी आजारी होती. आधी प्रभू तिला उत्तर देत नाही, मग मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे असे म्हणतो. हे शब्द आपल्याला कठोर वाटतात. अभ्यासक सांगतात की मूळ ग्रीक भाषेत येथे वापरलेला शब्द लहान, घरातल्या कुत्र्यासाठी आहे. ती बाई तोच धागा पकडते. मेजाखालच्या कुत्र्यांनाही पडलेला चुरा मिळतोच की, असे ती म्हणते. तिला मान नको, हक्क नको, तिच्या लेकरासाठी चुरा पुरे आहे. प्रभू तिच्या विश्वासाची थोरवी गातो आणि मुलगी त्याच घटकेला बरी होते.

आपली प्रार्थना कशी असते? दोन नोव्हेना झाल्या, मागितले ते मिळाले नाही, की आपण रुसतो. काही जण तर चर्चला येणेही सोडतात. मोती कधी रुसून उठून गेला नाही. हा माझा धनी आहे, याच्या हाती माझ्यासाठी काहीतरी आहे, हा त्याचा भरवसा मला सांगत असे की प्रार्थनेत पहिली गोष्ट मागणे नव्हे. पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या तोंडाकडे पाहत बसणे.

चौथा धडा : नेमून दिलेले काम

बाबांनंतर मोतीला फिरवण्याचे काम माझ्याकडे आले. पहाटे साडेपाचला तो उशाशी येऊन उभा राहायचा. पाऊस असो, थंडी असो, रात्रपाळी करून आलेलो असो. आधी मी चिडायचो. मग त्याच वेळेत सकाळची प्रार्थना म्हणायची सवय लागली. आजवर प्रत्येक उपवासकाळात केलेले आणि मोडलेले संकल्प जे करू शकले नाहीत, ते एका कुत्र्याच्या नेमाने केले.

आपल्या महाराष्ट्रात नेमाने काम करणाऱ्या एका कुत्र्याचे नाव अनेकांना आठवत असेल. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा लॅब्राडोर होता. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या शोधमोहिमेत त्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स आणि सहाशे डिटोनेटर शोधून दिले, अशी त्याच्या नावावर नोंद आहे. हे सारे फुटले असते तर किती घरे उद्ध्वस्त झाली असती! १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला पूर्ण सन्मानाने निरोप दिला.

झंजीरला आरडीएक्स म्हणजे काय हे माहीत नव्हते. आपण शहर वाचवतो आहोत हेही माहीत नव्हते. शिकवलेला वास आला की थांबायचे आणि आपल्या माणसाला दाखवायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. आपले बरेचसे जीवन असेच असते. रोज डबा भरणारी आई, पोरांना धर्मशिक्षण देणारी शिक्षिका, मिस्सानंतर बाके पुसणारा तरुण, यांना आपल्या कामाचे फळ किती दूर पोहोचते हे दिसत नाही. ते दिसणे आवश्यकही नाही. थोडक्यात विश्वासू राहिलेल्या दासाला धन्याने काय दिले, हे आपण शुभवर्तमानात वाचतोच.

पाचवा धडा : चूक झाली तर

आता एक लाजिरवाणी गोष्ट. मोतीला दरवर्षी रेबीजची लस द्यावी लागे. बाबा असताना ती तारीख चुकली नाही. माझ्या हाती कारभार आल्यावर एका वर्षी "आज नेतो, उद्या नेतो" करता करता चार महिने गेले. त्यातच एके सकाळी फाटक उघडे राहिले आणि दूध घेऊन आलेल्या मुलाच्या पोटरीला मोतीने चावा घेतला.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? "त्याने दगड उगारला असेल." दुसरी, "अहो, जरासे खरचटले आहे." पत्नीने मात्र त्या मुलाला नळाखाली बसवले आणि पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याने जखम धुतली. मला म्हणाली, "गाडी काढा, घाटीत जायचंय." रुग्णालयात रांगेत बसलो असता त्या मुलाची आई आली. ती मला एक शब्दही बोलली नाही. तिच्या डोळ्यांतली भीती मात्र मी कधी विसरणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे तिला माहीत होते. मलाही माहीत होते. माझ्या आळसाची किंमत तिच्या लेकराने मोजायची वेळ आली होती.

ठरलेल्या चारही तारखांना मी त्या मुलाला स्वतः लसीसाठी घेऊन गेलो. त्याचा बुडालेला रोजगार भरून दिला. मोतीला दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवले. देवाच्या कृपेने मुलगा सुखरूप राहिला आणि मोतीही.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे धन्याला सांगितलेले असूनही त्याने त्याला आवरले नाही, तर दोष धन्याचा. म्हणजे जनावराला दोष देऊन आपल्याला सुटता येत नाही. जक्कयानेही नुसते "चुकलो" म्हटले नाही. कोणाला फसवून काही घेतले असेल तर चौपट परत देण्याचे त्याने वचन दिले. पापनिवेदनाला आपण जातो, पाप सांगतो, प्रायश्चित्ताच्या प्रार्थना म्हणतो. पण ज्याचे नुकसान केले त्याच्या दारी जाऊन ते भरून देतो का? पापनिवेदनाचा हा भाग मी घाटीच्या बाकावर शिकलो.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हात जोडून सांगतो. लसीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. कोणाला कुत्रा चावल्यास जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावू नका. पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

सहावा धडा : प्रेमाची मर्यादा आणि प्रेमाचा विस्तार

प्राण्यांविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते? कॅटेकिझम या आपल्या धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २४१६ ते २४१८ यांत याचे उत्तर आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, माणसाने त्यांच्याशी मायेने वागावे. असिसीकर संत फ्रान्सिस यांचे उदाहरण तेथे दिले आहे. त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याच वेळी हेही सांगितले आहे की माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नाही, आणि जे प्रेम फक्त माणसाला देणे लागतो ते प्राण्याला देऊ नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी या दोन्ही बाजू मांडल्या. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांनी बजावले की मुक्या जीवांविषयीची बेपर्वाई आणि क्रूरता आज ना उद्या माणसांशी वागतानाही दिसू लागते. आणि ५ जानेवारी २०२२ रोजी संत योसेफ यांच्यावरील शिकवणुकीत, मुलांच्या जागी कुत्री-मांजरे ठेवणाऱ्या जोडप्यांविषयी त्यांनी चिंता व्यक्त केली. त्यावर बरीच चर्चा झाली. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की कुत्रा हा माणसाकडे जाणारी वाट व्हावा, माणसापासून पळून लपण्याची जागा होऊ नये.

आपल्या मराठवाड्याच्या मातीला ही शिकवण परकी नाही. पैठणच्या संत एकनाथांनी रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपण शाळेत ऐकली. संत नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असे सांगतात. ज्या जलाशयाचे पाणी आपण पितो त्याला नाथसागर हेच नाव आहे. तरी उन्हाळ्यात दारात आलेल्या जनावरासाठी एक भांडे पाणी ठेवताना आपला हात थांबतो. टाकीत पाणी मोजकेच, हे खरे. पण नाथांच्या कावडीतले पाणीही मोजकेच होते.

भूतदयेलाही जबाबदारी हवी. रस्त्यावरच्या कुत्र्यांना वाटेल तेथे अन्न टाकल्यास शेजारच्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्रास होतो. त्यांना अन्न पालिकेने ठरवून दिलेल्या जागीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितले आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा कुत्र्यावर प्रेम करणाऱ्यालाही लागू आहे.

सातवा धडा : निरोप

शेवटच्या वर्षी मोतीला दिसेनासे झाले. पाय ओढत तो बाबांच्या जुन्या खोलीत जायचा आणि जिथे पूर्वी खाट होती त्या मोकळ्या जागेवर बसायचा. मी तेच स्टूल आणून त्याच्याजवळ बसू लागलो. बसायचे कसे हे त्यानेच शिकवले होते.

तो गेला तेव्हा धाकट्या मुलीने विचारले, "पप्पा, मोती स्वर्गात आजोबांकडे गेला का?" याचे उत्तर ख्रिस्तसभेने ठामपणे दिलेले नाही, म्हणून मीही दिले नाही. पण तिला दोन गोष्टी सांगितल्या. दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या पाच चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले आहे. आणि सारी सृष्टी मुक्तीची वाट पाहत कण्हत आहे, असे संत पौल रोमकरांस लिहितात. मग मोती देवाच्या आठवणीत आहे, एवढे पुरे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आजोबांना एकटं वाटणार नाही."

भाविकहो, दर रविवारी मिस्साच्या वेळी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि घरी जातो. त्यांच्यापैकी काही जण आपल्याच गल्लीत राहतात, काही तर आपल्याच घराच्या आतल्या खोलीत. त्यांना औषध मिळते, जेवण मिळते. त्यांच्या खाटेजवळचे स्टूल मात्र रिकामे असते. त्या स्टुलावर बसायला पदवी लागत नाही, बोलण्याची हातोटी लागत नाही, पैसा तर मुळीच लागत नाही. मोतीजवळ यांपैकी काहीच नव्हते.

कुटुंबात चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरात किंवा शेजारी असे कोण आहे, ज्याची चौकशी आपण फक्त दारातून करतो?

२. आपल्या हलगर्जीपणामुळे कोणाचे नुकसान झाले असता आपण केवळ क्षमा मागितली की ते भरूनही दिले?

३. मागितलेले न मिळाल्यामुळे आपण प्रार्थना सोडून दिली आहे का?

४. मुक्या प्राण्यांशी वागण्याची कोणती रीत आपली मुले आपल्याकडून शिकत आहेत?

या आठवड्याचा संकल्प

एका आजारी किंवा वृद्ध व्यक्तीजवळ पंधरा मिनिटे बसावे. मोबाईल घरी ठेवून जावे. सल्ला देऊ नये. आणि दाराबाहेर मुक्या जीवांसाठी एक भांडे पाणी ठेवावे.

प्रार्थना

हे प्रभो, तू आमच्यात राहायला आलास आणि युगाच्या अंतापर्यंत सोबत राहण्याचे वचन दिलेस. जे एकटे पडले आहेत त्यांच्याजवळ बसण्याचे धैर्य आम्हाला दे. आमच्या आळसाने ज्यांना दुखावले त्यांच्या दारी जाण्याची नम्रता दे. तू आमच्या हाती सोपवलेल्या मुक्या जीवांना आम्ही मायेने आणि जबाबदारीने सांभाळावे, आणि त्यांच्यावर करतो ते प्रेम आम्हाला आमच्या माणसांजवळ घेऊन जावे, अशी कृपा कर. आमेन.